दहा नियम, शंभर मीटर दोरी आणि टॉम विल्स

मागच्या अंकात ऑस्ट्रेलियन फुटबॉलवर लेख होता. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. निम्म्या पत्रांत टॉम विल्सचं, म्हणजे हा खेळ सुरू करणाऱ्यांपैकी एकाचं, नाव आहे, उरलेल्यांना खेळून बघायचंय. तो लेख ज्यांच्या हाती लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, एका संघात १८ जण, दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब, आडवा दांडा कुठेच नाही. चेंडू लाथेने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोकायचा, फेकायला बंदी. लाथेने आलेला चेंडू अधांतरी झेलला की झेलणाऱ्याला मोकळी किक मिळते, त्या झेलाला ‘मार्क’ म्हणतात. मेलबर्नकर या खेळाला ‘फुटी’ म्हणतात, खाली तोच शब्द वापरलाय.

टॉम विल्सने हा खेळ एकट्याने शोधला असं जिथे तिथे वाचतो. खरं काय? (निवृत्त मुख्याध्यापक, वाई)

एकट्याने नाही. १० जुलै १८५८ ला ‘बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया’ या साप्ताहिकात विल्सचं पत्र छापून आलं. जुलै म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. विल्स तेव्हा २२ वर्षांचा होता आणि मेलबर्न क्रिकेट क्लबचा सचिव होता. त्याचं म्हणणं असं की क्रिकेट आता काही महिने बंद, खेळाडू नुसते सुस्तावतील. तर एक फुटबॉल क्लब काढा, तीन-चार जणांची समिती नेमा आणि नियम लिहून काढा. ते जमत नसेल तर निदान रायफल क्लब तरी काढा! म्हणजे नवा खेळ जन्माला घालायचा असं काही त्याच्या डोक्यात नव्हतं. क्रिकेटवाल्यांचे पाय मोकळे राहावेत एवढीच चिंता.

७ ऑगस्ट १८५८ ला स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांचा सामना झाला. दोन्हीकडे ४०-४० पोरं, दोन गोलांमधलं अंतर जवळजवळ अर्धा मैल, आणि गमट्रीची (निलगिरीची) झाडं खेळाच्या जागेतच उभी. पंच दोन होते. एक विल्स आणि दुसरे डॉक्टर जॉन मॅकॅडम. (मॅकॅडेमिया नट सुपरमार्केटात पाहिला असेल, तो यांच्याच नावाचा.) सामना ७ ऑगस्ट, २१ ऑगस्ट आणि ४ सप्टेंबर असा तीन शनिवार चालला आणि एक-एक गोलवर बरोबरीत सुटला.

नियम कागदावर आले ते १७ मे १८५९ ला, पॅरेड हॉटेलात. त्या बैठकीत विल्सबरोबर विल्यम हॅमर्स्ली, जेम्स थॉम्पसन आणि थॉमस स्मिथ होते. हॅमर्स्ली आणि थॉम्पसन केंब्रिजचे आणि दोघेही वर्तमानपत्रांत लिहिणारे. स्मिथ डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचा. विल्स इंग्लंडातल्या रग्बी शाळेत शिकलेला, त्यामुळे त्याने रग्बीचेच नियम पुढे केले. ते बाकीच्यांच्या पचनी पडेनात. मग वेगवेगळ्या इंग्रजी शाळांचे नियम समोर ठेवून जे अवघड किंवा हाडं मोडणारं होतं ते कापत गेले.

आपल्याकडे खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधून दिले, पण खो-खो जिमखान्याने शोधला असं कुणी म्हणत नाही. तो त्याआधीही गावोगाव चालूच होता. मेलबर्नचं उलटं झालं. तिथे आधी कागद आला आणि खेळ त्या कागदातून घडत गेला. म्हणून पत्राचं श्रेय पूर्ण विल्सचं, नियमांचं श्रेय मात्र वाटून द्यावं लागतं. पहिल्या दशकात त्याच्याइतका नावाजलेला कप्तान मात्र दुसरा नव्हता. मेलबर्न, रिचमंड आणि जिलाँग तिन्हीकडून तो खेळला.

१८५९ चे मूळ नियम काय होते? आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला त्याच नियमांनी एक सामना खेळवायचा आहे. (विद्यार्थी प्रतिनिधी, सांगली)

नियम फक्त दहा. आपल्या शब्दांत देतो.

१. दोन गोलांमधलं आणि गोलच्या दोन खांबांमधलं अंतर दोघा कप्तानांनी ठरवायचं.
२. नाणेफेक जिंकणारा बाजू निवडणार. हरणारा मध्यातून किक मारून खेळ सुरू करणार.
३. गोल खांबांच्या मधून किकनेच व्हायला हवा. चेंडू खांबाला किंवा कुणाच्याही अंगाला लागता कामा नये.
४. खेळाची रुंदी २०० यार्डांपेक्षा, म्हणजे १८३ मीटरपेक्षा जास्त नको. गोलच्या खांबांपासून दोन्ही बाजूंना २० यार्डांवर त्याच रेषेत आणखी एक-एक खांब.
५. चेंडू गोलमागे गेला तर ती बाजू राखणाऱ्याने तो त्या खांबांच्या हद्दीत २० यार्ड पुढे आणून समोरच्या गोलच्या दिशेने मारायचा.
६. थेट पायावरून आलेला चेंडू झेलून ‘मार्क’ म्हणून ओरडलं की मोकळी किक. खूण केलेल्या जागेच्या आत प्रतिस्पर्ध्याने यायचं नाही.
७. पळणाऱ्याला किंवा चेंडू जवळ असणाऱ्याला ढकलायला आणि पाय घालून पाडायलाही परवानगी. नडगीवर लाथ मारायला बंदी. सहाव्या नियमातल्या झेलकऱ्याला हात लावायचा नाही.
८. चेंडू हातात घ्यायचा तो झेलून किंवा टप्प्यावर. जमिनीवरून उचलायचा नाही.
९. हद्दीबाहेर गेलेला चेंडू जिथून गेला तिथूनच, रेषेशी काटकोनात आत फेकायचा.
१०. खेळ चालू असताना चेंडू कधीही फेकायचा नाही.

आता यात काय नाही ते बघा. ऑफसाइड नाही. फुटीला रग्बीपासून आणि आपल्या ओळखीच्या फुटबॉलपासून तोडणारी गोष्ट हीच. खेळाडू मैदानात कुठेही उभा राहू शकतो, चेंडूच्या पुढेसुद्धा. पंचाचा उल्लेख नाही. एका बाजूला किती जण ते नाही. किती वेळ खेळायचं तेही नाही. लंबगोल मैदानाचाही पत्ता नाही. खेळ क्रिकेटच्या मैदानांवर गेला तेव्हा तो आकार आला. चेंडू हातात घेऊन किती पळायचं यावरही कागद गप्प आहे आणि त्यावरूनच पुढे भांडणं झाली. हेन्री हॅरिसन नावाचा तगडा धावपटू चेंडू घेऊन सरळ पळत सुटायचा. १८६६ मध्ये नियम सुधारले, तेव्हा दर पाच-सहा यार्डांना चेंडू जमिनीवर आपटायची अट घातली. त्या बैठकीचा अध्यक्ष खुद्द हॅरिसनच होता! आज ही मर्यादा १५ मीटर आहे.

नडगीवरची लाथ का काढली याचं कारण व्यवहारी आहे. शाळेत पोरं लाथा खातात आणि आठवडाभर वर्गात बसून राहतात. इथे खेळणारे कामधंदेवाले बाप्ये होते, सोमवारी कामावर जायचं होतं. त्यात मेलबर्नची जमीन इंग्लंडातल्या गवतासारखी मऊ नव्हे.

तुमच्या सामन्यासाठी आठवा नियम नीट समजावून सांगा. गल्ली क्रिकेटमधला ‘एक टप्पा’ ज्याला कळतो त्याला हा लगेच कळेल: टप्पा पडून उसळलेला चेंडू घेता येतो, लोळणारा घेता येत नाही. गोंधळ इथेच होतो. चेंडू लोळू लागला की वीस जण त्यावर तुटून पडतात, उचलता कुणालाच येत नाही आणि पाच-पाच मिनिटं नुसती रेटारेटी चालते. त्यावर उपाय असा: दहा सेकंदांत चेंडू बाहेर आला नाही तर पंचाने शिट्टी मारून तो तिथेच उंच उडवायचा. हा मूळ नियम नव्हे, आधी जाहीर करा, नाहीतर हरणारे ‘रडीचा डाव’ म्हणून ओरडतील. सातव्या नियमातलं पाय घालणं मात्र गाळाच. मेलबर्नकरांनीही ते फार दिवस ठेवलं नाही. एका बाजूला २०, अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन डाव, पहिले दोन गोल करणारा विजयी: गॅदरिंगला एवढं पुरे.

शाळेचं मैदान साधारण ११० बाय ९० मीटर आहे. त्यावर लंबगोल कसा आखायचा? खांब कसे रोवायचे? (क्रीडाशिक्षक, कराड)

अधिकृत मैदान १३५ ते १८५ मीटर लांब आणि ११० ते १५५ मीटर रुंद असतं, ते तुमच्याकडे बसणार नाही. १०० बाय ८० चा लंबगोल घ्या आणि १८ ऐवजी ९-९ जण खेळवा. हे माप मुद्दाम सुचवतो, कारण यात आकडे पूर्ण येतात, हिशेबाला वही लागत नाही.

मैदानाचा मध्य काढून तिथे खुंटी ठोका. लांबीच्या दिशेने दोन्हीकडे ५०-५० मीटरवर खुणा करा. रुंदीची रेषा काटकोनात हवी, डोळ्याने धरू नका: टेपने ९, १२ आणि १५ मीटरचा त्रिकोण घाला, ९ आणि १२ च्या बाजूंमध्ये काटकोन येतो. त्या रेषेवर ४०-४० मीटरवर खुणा. आता लांबीच्या रेषेवर मध्यापासून दोन्हीकडे ३०-३० मीटरवर दोन पक्क्या पहारी रोवा. १०० मीटर दोरीची दोन टोकं या दोन पहारींना बांधा. एकाने काठीने दोरी आतून ताणून धरत चालायचं. काठी जिथून जाते ती तुमची सीमारेषा. अर्धा भाग एका बाजूला झाला की दोरी पहारींवरून पलीकडे टाकायची आणि दुसरा अर्धा आखायचा. मागून एकाने दर तीन मीटरवर विटेचा तुकडा ठेवत यायचं, फक्की नंतर. पूर्ण घेर २८४ मीटरच्या आसपास भरतो.

चुकतं कुठे? पहिली चूक दोरीची. नायलॉनची दोरी ताणली की लांबते. एक जण जोर लावतो, दुसरा ढिली धरतो, आणि मैदान एका अंगाला फुगतं. काथ्याची किंवा जाड सुती दोरी घ्या आणि १०० मीटर हे माप गाठी मारून झाल्यावर मोजा. दुसरी चूक: गाठ पहारीभोवती गुंडाळत जाते आणि दोरी हळूहळू आखूड होते. पहारीत लोखंडी कडी अडकवून दोरी कडीला बांधा. आखून झाल्यावर तपासणी सोपी आहे. रुंदीच्या खुणेवर काठी आली की दोरीचे दोन्ही भाग बरोबर ५०-५० मीटर भरायला हवेत.

खांब चार, सरळ रेषेत, दोघांमधलं अंतर ६.४ मीटर. म्हणजे बाहेरच्या दोन खांबांत १९.२ मीटर. ही सरळ रेषा लंबगोलाच्या अगदी टोकावर घेतलीत तर बाहेरचे खांब सीमारेषेच्या दीड मीटर बाहेर पडतात. म्हणून खांबांची रेषा टोकापासून दीड मीटर आत घ्या, बाहेरचे खांब वक्र रेषेवर चपखल बसतात. गोल ते गोल ९७ मीटर राहील, बिघडत काही नाही.

मधले दोन खांब किमान ६ मीटर उंच, बाहेरचे किमान ३ मीटर. बाजारात जीआय पाइप २० फुटांचा, म्हणजे जेमतेम ६ मीटरचा मिळतो. दोन फूट गाडला की वर १८ फूटच उरतो. शाळेच्या खेळाला चालेल. पूर्ण उंची हवी तर सॉकेट लावून वर तुकडा जोडा. पाइप थेट जमिनीत गाडू नका. त्याच्यापेक्षा थोड्या मोठ्या व्यासाचा अडीच फुटी नळा जमिनीच्या पातळीला काँक्रीटमध्ये बसवा आणि खांब त्यात उभा करा, सामना संपला की काढून ठेवता येतो. नळ्याला लगेच झाकण लावा, पोरांचे पाय त्यात अडकतात. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत खांब एका पावसाळ्यात कलतो, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. तिथे खड्डा दीडपट रुंद घेऊन तळाला मुरूम ठोका आणि मग काँक्रीट भरा. मुरमाड जमिनीत ही कटकट नाही. खांबाला डोक्याच्या वरपर्यंत फोमची गादी बांधायचीच, इथे काटकसर नको. आणि रेघेला चुनकळी वापरू नका. पडलेल्या पोराच्या डोळ्यांत गेली तर डोळा जातो. खडूची किंवा संगमरवराची भुकटी घ्या.

रग्बीचा चेंडू चालेल का? (मिरज)

शिकायला चालेल, सवय लावायला नको. फुटीचा चेंडू लांबीच्या घेराने ७२ ते ७३ सेंटिमीटर आणि आडव्या घेराने ५४.५ ते ५५.५ सेंटिमीटर असतो. रग्बीचा चेंडू आडवा ५८ ते ६२ भरतो, म्हणजे पोट सुटलेला. त्यावर सराव केलेल्या पोराची बोटं फुटीच्या चेंडूवर उघडी राहतात आणि झेल निसटतो. जालंधर-मेरठकडे दोन्ही प्रकारचे चेंडू बनतात, मागवताना हे आकडे लिहून द्या. हवा ९ ते ११ पीएसआय. पंपाची सुई कोरडी घालू नका, एक थेंब ग्लिसरीन लावा; कोरड्या सुईने व्हॉल्व्ह चिरतो आणि मग चेंडू रोज सकाळी चपटा सापडतो. चामड्याचा चेंडू भिजला तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, शिवण आखडते. सावलीत, थोडी हवा कमी करून वाळवा. विल्सच्या काळात चेंडू कधी गोल असे, कधी रग्बीच्या घाटाचा. आज ओळखीचा असलेला घाट चेंडू बनवणाऱ्या शेरिन कंपनीमुळे १८८० च्या सुमाराला रुळला.

किक मारली की चेंडू हवेत गिरक्या घेत भलतीकडे जातो. (इस्लामपूर)

दहापैकी नऊ वेळा दोष पायाचा नसतो, चेंडू सोडणाऱ्या हाताचा असतो. आजची मुख्य किक म्हणजे ड्रॉप पंट. चेंडू उभा धरा, वरचं टोक किंचित स्वतःकडे कललेलं. दोन्ही हात दोन बाजूंना, बोटं पसरलेली. उजव्या पायाने मारणार असाल तर शेवटच्या क्षणी डावा हात सोडा आणि उजव्या हाताने चेंडू मांडीच्या रेषेत, कमरेच्या उंचीवरून खाली ठेवल्यासारखा सोडा. वर उडवायचा नाही. पाऊल ताणलेलं, बोटं पुढे, आणि बुटाच्या लेसच्या कडक भागाने चेंडूच्या खालच्या टोकाला मारा. मारल्यावर पाय लक्ष्याच्या दिशेने वर जाऊ द्या. बरोबर बसली तर चेंडू स्वतःभोवती उलटा, मागच्या बाजूला गडगडत जातो, आणि असा चेंडू सरळ जातो, झेलायलाही सोपा.

चेंडू आडव्या गिरक्या घेत असेल तर सुटताना तो तिरका होता. छातीच्या उंचीवरून सोडत असाल तर वाटेत वारा त्याला हलवतो. साताऱ्यात डोंगराकडून वारा सुटला की हा दोष लगेच दिसतो. उंच जातो पण पल्ला नाही म्हणजे अंग मागे झुकतंय. ‘थप्प’ असा मऊ आवाज आला तर घोटा ढिला होता. सुरुवातीला पळत मारू नका. दोन पावलं, १५ मीटरवर साथीदार, रोज ५० किक. आठवड्याने २० मीटर. आणि आधी पाय सोडून नुसता हात तपासा: चेंडू न मारता जमिनीवर पडू द्या. तो टोकावर पडून उभाच उसळला तर हात बरोबर, बाजूला उडाला तर तिरका सुटतोय.

विल्सच्या पिढीला ही किक ठाऊकच नव्हती. ते चेंडू जमिनीवर टेकता टेकता मारत (ही ड्रॉप किक) किंवा जमिनीवर रोवून मारत. ड्रॉप किक विसाव्या शतकातही बराच काळ टिकली. दिसायला देखणी, पण चिखलात भरवशाची नाही, म्हणून मागे पडली.

पळताना चेंडू आपटायचा सराव मुरमावर करू नका. उसळी कुठे जाईल सांगता येत नाही. नियमात चेंडू जमिनीला नुसता टेकवलेलाही चालतो. आपल्या मैदानांवर वाकून टेकवा आणि पुढे चला.

धावफलकावर १२.८ (८०) असं लिहितात ते काय? (फलटण)

१२ गोल, ८ बिहाइंड, एकूण ८० गुण. मधल्या दोन खांबांतून किकने गेला तर गोल, ६ गुण. मधल्या आणि बाहेरच्या खांबामधून गेला, किंवा खांबाला लागला, तर बिहाइंड, १ गुण. बाहेरच्या खांबाला लागला तर मात्र काहीच नाही, चेंडू हद्दीबाहेर धरतात. ही गुणपद्धत व्हिक्टोरियन फुटबॉल लीगच्या पहिल्या हंगामात, १८९७ मध्ये आली. विल्सच्या काळात फक्त गोल मोजत, म्हणून जुन्या सामन्यांचे निकाल १–० किंवा २–१ असे दिसतात.

हा खेळ मुळात आदिवासींचा होता, विल्सने तो उचलला, असं एका व्याख्यानात ऐकलं. (महाविद्यालयीन प्राध्यापक, सातारा)

वादाचा विषय आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. विल्सचं बालपण पश्चिम व्हिक्टोरियात जाब वुर्रुंग या आदिवासी लोकांच्या प्रदेशात गेलं; तो त्यांच्या पोरांत खेळला, त्यांची भाषा बोलायचा. त्या भागातले लोक पोसम या प्राण्याच्या कातड्याचा चेंडू लाथेने उंच उडवून झेलत, त्याला ‘मार्न ग्रूक’ म्हणतात. इथवर पक्कं आहे. पण १८५८-५९ च्या कागदांत, पत्रांत किंवा बैठकीच्या आठवणींत त्या खेळाचा एकदाही उल्लेख नाही; चर्चा सगळी इंग्रजी शाळांच्या नियमांची. ‘मार्क’ सुद्धा रग्बी शाळेच्या नियमांतला. आमचा कल कागदाकडे आहे. पण उंच उडी मारून झेल घेण्याची आजची जी हौस आहे ती १८५९ च्या कागदात कुठेच नाही, हेही खरं. त्या बाबतीत जुन्या खेळाची आठवण काढणाऱ्यांना आम्ही उडवून लावणार नाही.

विल्सच्या पुढच्या आयुष्याचं काय झालं? तो क्रिकेटर कसा होता? (बँक कर्मचारी, सांगली)

क्रिकेटमध्ये तो त्याच्या काळातला ऑस्ट्रेलियातला सर्वोत्तम मानला जायचा. जन्म १९ ऑगस्ट १८३५, न्यू साउथ वेल्समध्ये. चौदाव्या वर्षी बापाने रग्बी शाळेत धाडलं, तिथे तो क्रिकेट संघाचा कप्तान झाला. १८५६ मध्ये ऑक्सफर्डविरुद्ध केंब्रिजला एक गडी कमी पडत होता, तेव्हा विद्यापीठात नाव नसतानाही हा खेळला. डिसेंबर १८५६ मध्ये मेलबर्नला परतला. हिशेबाच्या कामात मात्र आनंद: सचिवपद सोडलं तेव्हा क्लबची कागदपत्रं विस्कटलेली होती.

१८६१ मध्ये बाप होरेशियो विल्स मेंढ्यांचे कळप आणि माणसं घेऊन क्वीन्सलंडात नवी जमीन धरायला निघाला, टॉमही बरोबर होता. १७ ऑक्टोबरला कलिन-ला-रिंगो इथे आदिवासींनी त्यांच्या तळावर हल्ला केला. होरेशियोसह १९ जण मारले गेले. टॉम सामान आणायला गेला होता म्हणून वाचला. बदल्यात गोऱ्यांनी आणि पोलिसांनी त्याच्या कितीतरी पट आदिवासी मारले. टॉम त्यात होता का, यावर इतिहासकार अजून भांडतात.

आणि पाच वर्षांनी तोच माणूस आदिवासी क्रिकेट संघाचा प्रशिक्षक आणि कप्तान होता. २६ डिसेंबर १८६६ ला हा संघ मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर उतरला. बघायला दहा हजारांच्या आसपास माणसं. नामवंत आदिवासी क्रिकेटपटू जॉनी मुलाघ याच संघातला. पण पुढचा सिडनी दौरा आयोजकाच्या पैशांच्या लबाडीमुळे फसला, काही खेळाडू आजाराने गेले. १८६८ मध्ये हा संघ इंग्लंडला गेला, ४७ सामने खेळला, १४ जिंकला, १४ हरला, १९ अनिर्णित. कप्तान चार्ल्स लॉरेन्स होता. विल्सला नेलं नाही.

विल्सचा गोलंदाजीचा हात आधीच संशयात होता. १८७२ मध्ये न्यू साउथ वेल्सविरुद्ध त्याची गोलंदाजी फेकी म्हणून नो-बॉल दिली गेली. प्रथम श्रेणी सामन्यात असं होणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन. दारू वाढत गेली, पैसे संपत गेले. शेवटी दारू अचानक बंद केल्यावर भास होऊ लागले. त्याला मेलबर्नच्या इस्पितळात नेलं, तिथून तो पळून घरी आला आणि २ मे १८८० ला मेलबर्नजवळच्या हायडेलबर्गला त्याने कात्री छातीत खुपसून घेतली. वय ४४.

क्रिकेट आणि फुटी तिकडे एकाच मैदानावर नांदतात. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी जानेवारी १९४८ मध्ये ज्या ॲडलेड ओव्हलवर एकाच कसोटीत ११६ आणि १४५ धावा काढल्या, तिथे हिवाळ्यात आजही फुटीचे चार खांब उभे राहतात.

त्याचं स्मारक कुठे आहे? (वाचक, तासगाव)

मुख्य दोन ठिकाणी. हायडेलबर्गच्या वॉरिंगल दफनभूमीतली कबर बरीच वर्षं विनानावाची पडून होती. १९८० मध्ये मेलबर्न क्रिकेट क्लबने तिथे शिळा बसवली. तिच्यावर तो ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा संस्थापक असं कोरलंय. दुसरं, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडच्या बाहेर २००१ मध्ये उभारलेला ब्राँझचा पुतळा. त्यात विल्स खेळताना दाखवलेला नाही; १८५८ च्या शाळकरी सामन्यात पंच म्हणून उभा आहे, पुढ्यात चेंडूमागे लागलेली दोन पोरं. तिथला मजकूर लिहिणाऱ्याने ‘संस्थापक’ शब्द टाळलाय. पहिल्या दहा वर्षांत हा खेळ वाढवायला इतर कुणाहीपेक्षा याने जास्त केलं, आणि नियम लिहिणाऱ्यांपैकी तो एक होता, एवढंच तिथे आहे.